शनिवारवाड्यातील हाक: ‘काका, मला वाचवा’ या भूतकथेमागचा इतिहास

१/
पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी आर्त हाक ऐकू येते, हे पुण्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी सांगतेच. काही जण पौर्णिमेऐवजी अमावास्या सांगतात. ‘भारतातील झपाटलेल्या वास्तू’ अशी कुठलीही यादी उघडा, भानगढच्या किल्ल्याच्या शेजारी आपला शनिवारवाडा हमखास सापडतो. भूत असते की नसते, हा या धाग्याचा विषय नाही. ही हाक ज्या घटनेची म्हणून सांगितली जाते, ती घटना मात्र पूर्णपणे ऐतिहासिक आहे. ती नेमकी कशी घडली, तिच्यात कोण कोण होते आणि भूतकथेने त्यांपैकी किती जणांना आपल्यापर्यंत येऊ दिले, हे क्रमाने पाहू. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम वास्तू. थोरल्या बाजीरावांनी या वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार, म्हणून नाव शनिवारवाडा. मूळ बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. पुढे नानासाहेबांच्या आणि नंतरच्या पेशव्यांच्या काळात महाल, चौक, दिवाणखाने, कारंजी वाढत गेली. तटाला पाच दरवाजे: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ. यांतील शेवटच्या दरवाजाचे नाव लक्षात ठेवा. आज त्याला आपण दुसऱ्याच नावाने ओळखतो.

३/
आता घर. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलत भाऊ सदाशिवरावभाऊ पडले. त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर नानासाहेबांचे निधन झाले. पेशवाई आली सोळा वर्षांच्या माधवरावाकडे. त्याने अकरा वर्षांत राज्य सावरले, पण क्षयाने त्याला ग्रासले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे तोही गेला. मागे उरला धाकटा भाऊ नारायणराव. जन्म १० ऑगस्ट १७५५. पेशवेपदाची वस्त्रे मिळाली तेव्हा वय सतरा. भूतकथेतला नारायणराव बहुधा लहानगे पोर असतो. प्रत्यक्षात मृत्यूच्या वेळी तो अठरा वर्षांचा, विवाहित तरुण होता आणि त्याची पत्नी गंगाबाई गरोदर होती.

४/
घरातील दुसरी व्यक्ती म्हणजे काका रघुनाथराव, अर्थात राघोबादादा. नानासाहेबांचा धाकटा भाऊ आणि १७५८ मधील अटकेपर्यंतच्या मोहिमेचा सेनानी. दादाला वाटे की भावानंतर पेशवाई आपल्याकडे यायला हवी होती. या हव्यासापायी तो माधवरावाशीही लढला. १७६८ मध्ये धोडप येथे त्याचा पराभव झाला आणि त्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. माधवरावाच्या अखेरच्या दिवसांत समेट झाला, पण तो टिकला नाही. नारायणरावाच्या कारकिर्दीत काही महिन्यांतच दादा पुन्हा त्याच वाड्यात पहाऱ्याखाली आला. कैदी आणि त्याला कैद करणारा एकाच छपराखाली राहत होते, दोघांचे हुजरे, कारकून, भटभिक्षुक त्याच चौकांतून ये-जा करीत होते. कट शिजायला याहून सोयीची जागा कोणती?

५/
नारायणराव तापट होता, मुत्सद्द्यांना दुखावून बसे. प्रभू ज्ञातीच्या धार्मिक अधिकारांवरून चाललेल्या ग्रामण्यात त्याने घेतलेल्या भूमिकेमुळे तो समाजही नाराज होता. त्यातच वाड्याच्या पहाऱ्यावर होते गारदी, म्हणजे पगारी कवायती पायदळ. त्यांची निष्ठा पगाराशी, आणि पगार थकलेला. सुमेरसिंग, महंमद युसूफ आणि खरकसिंग हे त्यांचे सरदार. त्यांच्याशी संधान बांधण्याच्या कामात पुढे होता दादाचा सेवक तुळाजी पवार. बेत असा होता की नारायणरावाला धरावे आणि दादाला गादीवर बसवावे. निदान दादाने पुढे आपला बचाव तसाच केला.

६/
३० ऑगस्ट १७७३. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. वाड्यात गणेशोत्सव चालू होता. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आला. काहीतरी शिजते आहे, अशी कुणकुण त्याला लागली होती. त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करण्यास सांगितले. पण हरिपंत एका स्नेह्याकडे भोजनास गेले आणि बंदोबस्त राहून गेला. दुपारी नारायणराव विश्रांती घेत असताना गारदी पगाराची ओरड करीत आत घुसले. वाटेत आडवे आले त्यांना कापीत ते पुढे सरकले. नारायणराव उठून धावला तो थेट काकाच्या दालनात आणि त्याने काकाला मिठी मारली.

७/
पुढचे वर्णन ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात दिले आहे. त्यानुसार दादाने सुमेरसिंगाला पुतण्याला सोडून देण्याची विनंती केली. सुमेरसिंगाचे उत्तर अशा अर्थाचे होते की, इतक्या पुढे येऊन मी स्वतःचा घात करून घेणार नाही. बाजूला व्हा, नाहीतर तुम्हीही जाल. दादाने मिठी सोडवली आणि तो गच्चीकडे निघून गेला. नारायणराव मागे धावला, तेव्हा तुळाजी पवाराने त्याचा पाय धरून ओढला. ‘काका, मला वाचवा’ हे शब्द परंपरेने जपलेले आहेत. ते जसेच्या तसे कोणी टिपून ठेवले होते असे मानता येत नाही. परंतु पुतण्या काकाला बिलगला आणि काकाने त्याला दूर केले, एवढा गाभा वृत्तान्तांत आहे, आणि तो शब्दांइतकाच विदारक आहे.

८/
आता या कथेतील एका विस्मृत माणसाकडे वळू. चाफाजी टिळेकर, नारायणरावाचा हुजऱ्या. त्या क्षणी तो दालनात धावत आला. हातात शस्त्र नव्हते. त्याने स्वतःला धन्याच्या अंगावर झोकून दिले, आणि गारद्यांच्या तलवारींनी दोघांना एकत्रच संपवले. इच्छारामपंत ढेरे मारले गेले, नारोबा नाईक नावाचा वृद्ध सेवक मारला गेला. त्या दुपारी एकूण अकरा माणसे मेली, असे सांगितले जाते: सात ब्राह्मण, दोन मराठा सेवक, दोन कुणबिणी. वाड्यातली एक गायही कापली गेली. त्या दोन कुणबिणींची नावेसुद्धा भूतकथेत नाहीत. अकरा मृत्यूंपैकी हाक उरली ती एकाचीच.

९/
तपशील ताडून पाहा. भूतकथा सांगते पौर्णिमा किंवा अमावास्या. घटना घडली त्रयोदशीला. भूतकथा सांगते मध्यरात्र. घटना घडली भर दुपारी, उत्सवाने गजबजलेल्या वाड्यात. हा फरक नुसता पंचांगाचा नाही. रात्रीच्या अंधारात एकट्यादुकट्याचा खून झाला असे म्हटले, की ‘कोणाला कळले नाही’ ही सबब आपोआप मिळते. दिवसाढवळ्या शेकडो माणसांच्या वाड्यात पेशवा मारला गेला असे म्हटले, की प्रश्न उभे राहतात. पहारेकरी कोणाचे होते? दरवाजे कोणी उघडे ठेवले? कोणाला आधी ठाऊक होते? आणि ठाऊक असून कोण गप्प बसले?

१०/
हे प्रश्न त्या काळीच एका माणसाने विचारले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. मृतदेह रात्री वाड्याबाहेर नेऊन दहन उरकण्यात आले होते. दादाने कारभार हाती घेतला होता. ज्याच्यावर संशय तोच आता धनी होता. अशा परिस्थितीत रामशास्त्र्यांनी काही आठवडे चौकशी केली. दोषी म्हणून पन्नासच्या आसपास माणसे निश्चित झाली. त्यांत गारदी होते, तसे ब्राह्मण होते, प्रभू होते, मराठेही होते. म्हणजे बाहेरून आलेल्या भाडोत्री शिपायांनी एकट्यांनी केलेले हे कृत्य नव्हे. वाड्याच्या आतील कारभारातच त्याची मुळे होती. रामशास्त्र्यांनी दादाला तोंडावर सांगितले की या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. मग ते पद सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुढे बारभाईंचा कारभार आल्यावर ते न्यायासनावर परतले.

११/
‘ध चा मा’ ही म्हण येथूनच आली. मूळ हुकुमात ‘धरावे’ असे होते आणि दादाची पत्नी आनंदीबाई हिने ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, अशी ही कथा. ग्रँट डफनेही ती दिली आहे. पण ज्या कागदावर ही खाडाखोड झाली म्हणतात, तो कागद आज आपल्यासमोर नाही. या कथेचा लाभ कोणाला झाला, हेही पाहावे. हुकूम बदलला गेला असेल तर दादा केवळ अटकेचा दोषी ठरतो आणि खुनाचे सारे ओझे एका बाईच्या बोरूवर जाते. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते दादाला, ही गोष्ट मराठी रंगभूमीने आणि पडद्याने मात्र जागती ठेवली. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ आणि प्रभातचा १९४४ चा ‘रामशास्त्री’ यांनी या निर्भय निवाड्याची आठवण घरोघरी नेली. तरीही सामान्य बोलण्यात उरली ती ‘ध चा मा’ करणारी आनंदीबाईच.

१२/
निवाड्याची अंमलबजावणी अर्धीच झाली. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी बारभाईंनी दादाविरुद्ध फळी उभारली. गंगाबाईला पुरंदरावर नेण्यात आले. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला पुत्र झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या सवाई माधवरावाला पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. महंमद युसूफ १७७५ मध्ये पकडला जाऊन मारला गेला. खरकसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयाला गेले होते. त्यांना तेथून मिळवून १७८० मध्ये देहदंड देण्यात आला. मुख्य आरोपी मात्र इंग्रजांकडे गेला. मार्च १७७५ मध्ये दादाने सुरतेचा तह केला आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर तो कोपरगावी राहिला आणि डिसेंबर १७८३ मध्ये तेथेच वारला. घरातील एक खून इंग्रजांना मराठी राज्याच्या कारभारात शिरण्याची वाट देऊन गेला.

१३/
भूतकथा एवढ्यावर थांबते. वाड्यातील दुःख थांबले नाही. नारायणरावाचा मुलगा सवाई माधवराव याच शनिवारवाड्यात वाढला. ऑक्टोबर १७९५ मध्ये तो वाड्याच्या सज्जातून खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. वय एकवीस. अपघात की आत्मघात, यावर आजही वाद आहे. बापलेक दोघांचाही अंत एकाच वास्तूने पाहिला. त्यानंतर पेशवाई मिळाली ती दादाच्या मुलाला, दुसऱ्या बाजीरावाला.

१४/
आणि येथे या भुताचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार भेटतो. नारायणरावाचे पिशाच्च आपल्याला पीडा देते, असे स्वतः दुसऱ्या बाजीरावाला वाटत असे, अशी कथा आहे. बापाच्या पापाच्या परिमार्जनासाठी त्याने केलेल्या धर्मकृत्यांत पुण्याच्या आसमंतात लाखोंच्या संख्येने लावलेली आंब्याची झाडे होती, अशी नोंद ग्रँट डफ करतो. बाजीरावाचा जन्म जानेवारी १७७५ चा. खून झाला तेव्हा तो या जगात नव्हता. तरीही त्याला ती हाक ऐकू येत असेल, तर त्यात नवल कसले? ज्या गादीवर तो बसला होता, तिच्याकडे जाणारी वाट त्या दुपारच्या दालनातून गेली होती. भुताची गोष्ट इतिहासाला कधी उपयोगी पडते, ते येथे दिसते: कोण घाबरत होते आणि का, हे ती सांगते.

१५/
१७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला प्रचंड आग लागली; ती सात दिवस धुमसत होती असे सांगतात. लाकडी महाल, नक्षीचे खांब, मजले, सारे जळून गेले. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत उत्खनन होऊन जोती मोकळी झाली, ती आज आपण पाहतो. म्हणजे ज्या दालनात नारायणरावाने काकाला मिठी मारली, ते दालन जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच नाहीसे झाले आहे. रात्री हाक ऐकणारे जिकडे बोट दाखवतात, तेथे वर मोकळे आकाश आणि खाली हिरवळ आहे.

१६/
असे इतरत्रही घडले आहे. १४८३ मध्ये इंग्लंडचा बारा वर्षांचा राजा पाचवा एडवर्ड आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ लंडनच्या टॉवरमध्ये ठेवले गेले आणि नंतर कोणाला दिसले नाहीत. गादीवर बसला त्यांचा काका, तिसरा रिचर्ड. १६७४ मध्ये टॉवरमधील एका जिन्याखाली दोन मुलांची हाडे सापडली. त्या मुलांची भुतेही टॉवरमध्ये दिसतात, असे तेथील लोक सांगतात. शेक्सपिअरच्या नाटकाने रिचर्डला खलपुरुष म्हणून कायमचे रंगवले. मात्र लंडनच्या त्या प्रकरणात चौकशी करून भर दरबारात दोष ठेवणारा न्यायाधीश नव्हता. आपल्याकडे होता. आपली भूतकथा सांगताना आपण नेमके त्यालाच वगळतो.

१७/
आता थोडे आमच्या भोर तालुक्याकडे या. भोरजवळचे आंबवडे गाव नागेश्वराच्या मंदिरासाठी आणि पंत सचिवांच्या काळातील झुलत्या पुलासाठी प्रसिद्ध आहे. येथे कान्होजी जेध्यांची समाधी आहे. त्यांचा वाडा जवळच्या कारी गावात. येथेच जिवा महाले यांची समाधी आहे, आणि भोर संस्थानाचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव यांचीही. शंकराजींचा अंत नारायणरावाइतकाच करुण आहे. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले. शंकराजींनी ताराबाईंना निष्ठेची शपथ दिलेली. इकडे शाहूंचे बोलावणे आले. शपथ मोडावी की छत्रपतींच्या वारसाविरुद्ध उभे राहावे, या पेचात त्यांनी आंबवड्यास स्वतःचे जीवन संपवले. शाहूंनी त्यांच्या लहानग्या मुलाला, नारो शंकराला, सचिवपद कायम केले.

१८/
अकाली, अतृप्त मृत्यू आला की माणूस पिशाच्च होतो, ही लोकसमजूत शंकराजींनाही लागू पडली असती. पण आंबवड्यात त्यांचे नाव घेतात ते समाधी म्हणून. माझ्या मते याचे कारण पुढच्या घटनांत आहे. मृत्यूनंतर त्यांच्या घराण्याला मान मिळाला, वारस उभा राहिला, वंशजांनी समाधी जपली. हिशेब पुरा झाला. शनिवारवाड्यात निवाडा झाला, पण ज्याच्याविरुद्ध झाला तो सुटला, आणि त्याचाच मुलगा पुढे गादीवर बसला. हिशेब अपुरा राहिला. लोकमानसाने त्या अपुऱ्या हिशेबाला आवाज दिला, तोच ‘काका, मला वाचवा’.

१९/
आंबवड्यात आणखी एक गोष्ट सुचते. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण महाराष्ट्रातले शाळकरी पोरही म्हणते. प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडवणाऱ्या सेवकाला म्हण मिळाली, समाधी मिळाली. चाफाजी टिळेकरही धन्यासाठी असाच धावला होता, तोही रिकाम्या हातांनी. त्याचा धनी वाचला नाही, एवढाच फरक. निष्ठेचे मोल यशावरून ठरवायचे असेल तर चाफाजीला विसरणे ठीक आहे. तसे नसेल, तर शनिवारवाड्याची गोष्ट सांगताना त्याचे नाव घेणे आपल्यावर बंधनकारक आहे.

२०/
शनिवारवाड्यात जाल तेव्हा रात्रीची वाट पाहू नका. घटना दुपारची आहे, दुपारीच जा. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे आणि वरचा नगारखाना पाहा. जोत्यांवरून चालताना चौकांची दाटी मनात उभी करा. कैदी काका आणि पेशवा पुतण्या एकमेकांपासून किती थोड्या पावलांवर राहत असतील, याचा अंदाज येतो. मग पूर्वी जांभूळ दरवाजा म्हणून ओळखला जाणारा दरवाजा शोधा. नारायणरावाचा देह त्या रात्री येथून बाहेर नेला, म्हणून त्याचे नाव पडले नारायण दरवाजा. दिल्ली दरवाजासमोर छायाचित्रांसाठी गर्दी असते. येथे सहसा कोणी थांबत नाही. तुम्ही थोडे थांबा. सोबत कोणी असेल आणि त्याने भुताची गोष्ट काढली, तर त्याला चाफाजी टिळेकर आणि रामशास्त्री प्रभुणे ही दोन नावे सांगा.

धागा समाप्त. आपल्या गावातल्या एखाद्या वाड्याविषयी, गढीविषयी अशी झपाटल्याची कथा सांगितली जात असेल, तर खाली जरूर लिहा. त्या कथेमागे कोणाचा हिशेब अपुरा राहिला आहे, ते मिळून शोधू.